ओवाळणीचा लॅपटॉप

अकोल्यात माझ्या ताईच्या शेजारी ज्या वहिनी राहतात, त्यांच्यावर मी खोटा आळ घेतला. त्यांनी काहीही केलं नव्हतं. दोष माझा होता, आणि तो माझा आहे हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. तरी भाऊबीजेपासून संक्रांतीपर्यंत मी गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा प्रकार हसण्यासारखा आहे आणि माझी बायको तो हसत हसतच चारचौघांत सांगते. त्या हसण्यात माझं गप्प बसणं राहून जातं.

मी अमरावतीला एका तंत्रनिकेतनात संगणकाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बावीस वर्षं मी दुसऱ्यांनी केलेल्या यंत्रणा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, संगणकांवर टाकत आलो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझ्या मनाने घेतलं की एक यंत्रणा आपण स्वतः बांधायची. लिनक्स नावाच्या यंत्रणेचा सगळा कोड उघडा असतो. कोणीही घ्यावा, वाचावा, जोडावा. तयार लिनक्स टाकणारे पुष्कळ आहेत, पण ते म्हणजे दुकानातून पापड आणणं झालं. मला उडीद दळण्यापासून सुरुवात करायची होती. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून मी एकाच बनावटीचे दोन जुने लॅपटॉप आणले. एक बिघडवायला आणि दुसरा तो बिघडल्यावर वापरायला.

आठ महिन्यांचे रविवार त्यात गेले. लॅपटॉपचा पंखा घरघरत असायचा आणि पडद्यावर अक्षरं वर सरकत असायची. बायको मराठीची शिक्षिका आहे, तिला न समजलेलं काही घरात चाललेलं खपत नाही. ती विचारायची, हे आता काय करून राहिलं? मी सांगायचो, कम्पाइल. म्हणजे कोडचं चालू शकेल असं रूप करणं. ती म्हणायची, मागच्या रविवारीही हेच चालू होतं. मी समजावलं की मागच्या रविवारी ज्याने कम्पाइल करतात तो कम्पायलर कम्पाइल होत होता.

"म्हणजे लाटणं करायले आधी लाटणं केलं का तुमी?" तिने विचारलं.

तसंच होतं ते. मी होय म्हटलं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

आता चुकीचं मूळ. लॅपटॉपमध्ये वायफायची एक छोटी चिप असते. ती एकटी मुकी असते. लॅपटॉप चालू झाला की दर वेळी तिच्या हातात एक फाइल द्यावी लागते, तिला फर्मवेअर म्हणतात. ती मिळाली की चिपला वाचा फुटते आणि ती आसपासची वायफाय शोधायला लागते. ही फाइल चिप करणारी कंपनी तयारच देते. आत काय लिहिलंय ते कोणाला पाहता येत नाही. मी ज्या सूचनांवरून यंत्रणा बांधत होतो, त्यात एका पानावर स्पष्ट लिहिलं होतं की ही फाइल आणा आणि फर्मवेअरच्या फोल्डरमध्ये ठेवा. मी ते पान वाचलं आणि मला राग आला. आठ महिने सगळं कणाकणाने घरी करायचं आणि शेवटी कोणाचं तरी बंद पाकीट आत घ्यायचं? माझ्या यंत्रणेत हे चालणार नाही, असं मी बायकोला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात चहाच्या वेळी चार जणांनाही सांगितलं. त्यातल्या एकानेही मला विचारलेलं नव्हतं. ते पान मी सोडून दिलं.

घरी माझ्या टेबलापर्यंत इंटरनेटची वायर आलेली आहे. ती मी लॅपटॉपला खोचली की सगळं चालायचं. त्यामुळे वायफायचं काय होतं हे मी एकदाही पाहिलं नाही. बंद पाकिटाशिवाय माझं काही अडत नाही, मी स्वतंत्र आहे, असं मी वायरने बांधलेल्या लॅपटॉपसमोर बसून मानत होतो. पुढे ते पान मी विसरूनही गेलो.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचं आणि शेजारच्या वहिनींचं घर एकमेकांना लागून, मागच्या अंगणात मधे कमरेएवढी भिंत. वीस वर्षं त्या भिंतीवरून वाट्या इकडून तिकडे गेल्या. तिकडून सांडगे आले की इकडून लोणचं जायचं. दुपारचं आवरलं की दोघी क्रोशाच्या सुया घेऊन बसायच्या आणि मोबाइलवर विणकामाचे व्हिडिओ पाहायच्या. इंटरनेटची लाइन वहिनींच्या घरी आली होती आणि पासवर्ड दोन्ही घरांना एकच होता. एकदा ताई फोनवर सहज म्हणाली की मोबाइलवर टाके दिसत नाहीत, डोळ्यांत पाणी येतं, मोठा पडदा असता तर बरं झालं असतं. मी तिथल्या तिथे ठरवलं. दुसऱ्या लॅपटॉपवर माझ्या यंत्रणेची नक्कल करायची आणि तो भाऊबीजेला ओवाळणीत घालायचा.

"साडी घ्या," बायको म्हणाली. "साडी चालू करा लागत नाही."

मी ऐकलं नाही. भावाने स्वतःच्या हाताने केलेली वस्तू बहिणीला द्यावी, यात जो आनंद आहे तो साडीत नाही, असं काहीतरी मी बोललो. ती साडी बरोबर घेऊनच आली, हे मला अकोल्यात कळलं.

भाऊबीजेला ताईने ओवाळलं. लॅपटॉप तबकात मावला नाही, म्हणून तो मी दोन्ही हातांनी तबकाच्या वर धरून उभा राहिलो, आणि खालून निरांजनाचा चटका बसायला लागल्यावर बाजूला ठेवला. वहिनीही करंज्यांचा डबा आणि क्रोशाची पिशवी घेऊन आल्या होत्या. मोठ्या पडद्यावर पहिला व्हिडिओ दोघींनी मिळून पाहायचा असं ठरलेलं होतं. मी लॅपटॉप सुरू केला. पडद्यावर 'ताईस सप्रेम' अशी अक्षरं उमटली, ती मी मुद्दाम घातली होती. ताईचे डोळे भरून आले. मग मी वायफायची यादी उघडली. यादी रिकामी होती.

मी बंद केलं, सुरू केलं. लॅपटॉप घेऊन भिंतीजवळ गेलो. अंगणात गेलो. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, खुर्चीवर बसून माझ्या फेऱ्या पाहत होते. ते पोस्टातून निवृत्त झालेले आहेत आणि दुसऱ्याचं काम अडलेलं पाहण्याची त्यांना सवय आहे. गॅसवर दूध ठेवलं होतं म्हणून वहिनी मधेच घरी गेल्या. जाताना ताईला सांगून गेल्या की सुरू झालं की आवाज दे.

"भाऊ, हे काहून लागून नाही राहिलं?" ताईने विचारलं.

"माह्या मोबाइलले तर येऊन राहिलं," भाऊजी म्हणाले.

इथे खरं सांगायला हवं. त्या क्षणी मला ते सोडलेलं पान आठवलं नव्हतं. पण मला कारण माहीत नव्हतं हे तर मला माहीत होतं. 'मला कळत नाही' एवढं म्हणायला काय लागतं? पण आठ महिने मी ज्याची फुशारकी मारली ते सर्वांसमोर मुकं पडलं होतं आणि बायको माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो की राऊटरमध्ये अशी सोय असते, मोबाइल चालू द्यायचे आणि लॅपटॉप अडवायचे. ज्याच्या घरी राऊटर असतो त्याला ते करता येतं. यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर खरं आहे.

"म्हंजे त्याईनं अडवलं," भाऊजी म्हणाले.

"तसं दिसतं," मी म्हणालो.

माझा सगळा गुन्हा या दोन शब्दांत आहे.

वहिनींच्या शेवग्याचा पाला भाऊजींच्या अंगणात पडतो. ते दुखणं त्यांच्या मनात काही वर्षांपासून होतं आणि त्याला वाट मिळत नव्हती. ती मी काढून दिली. ते चपला न घालता उठले आणि फाटकातून बाहेर पडले. पुढे जे बोलणं झालं ते मी खिडकीतून ऐकलं. भाऊजींनी वायफायपासून सुरुवात केली आणि तीन वाक्यांत ते शेवग्यावर पोचले. वहिनींचा आवाज गोंधळलेला होता. त्या म्हणत होत्या की मोबाइलवर फोटो कसा मोठा करायचा तेही त्या ताईला विचारतात, अडवायचं त्यांना कुठून येणार? भाऊजींनी परत येऊन आम्हाला सांगितलं की वहिनींना उत्तर देता आलं नाही.

करंज्यांचा डबा ताईने रिकामा करून, धुऊन, भिंतीवर ठेवून दिला. वीस वर्षांत त्या भिंतीवरून रिकामा डबा कधी गेला नव्हता, हे बायकोने मला नंतर सांगितलं. माझ्या ते लक्षातही आलं नाही. आमची परतीची बडनेऱ्याची गाडी होती. आम्ही निघालो.

पुढच्या रविवारी अमरावतीला मी माझ्या लॅपटॉपची वायर काढून पाहिली. यादी रिकामी. लॅपटॉप चालू होताना आत काय काय घडलं याची नोंद ठेवतो, ती मी वाचायला घेतली. शेकडो ओळींत एक ओळ होती की वायफायच्या चिपसाठी अमुक फाइल मागितली, सापडली नाही. यंत्रणा पहिल्यांदा चालू झाली त्या दिवसापासून ती ओळ दर वेळी तिथे येत होती. मला ते पान आठवलं, चहाच्या वेळचं माझं भाषण आठवलं, आणि मग खिडकीतून ऐकलेला वहिनींचा आवाज आठवला.

मी काय केलं? वायर परत खोचली.

त्या दिवशी संध्याकाळी मी ताईला फोन केला. सांगायचं ठरवूनच केला होता. तिने उचलल्यावर मी विचारलं की तिकडे थंडी पडली का. तिने पडली म्हटलं. मी इकडेही पडली म्हटलं. त्यानंतरच्या फोनमध्ये ती म्हणाली की लॅपटॉपचं काही वाईट वाटून घेऊ नको, हे त्यावर पत्ते खेळतात. पत्त्यांचा तो खेळही मीच कम्पाइल करून घातला होता. त्यात मात्र काही उणं नव्हतं.

संक्रांतीनंतर बायको हळदीकुंकवाला अकोल्याला जाऊन आली. पिशवी खाली ठेवता ठेवताच तिने सांगायला सुरुवात केली. मधल्या भिंतीवर आता ओळीने कुंड्या ठेवल्या आहेत. वहिनींना बोलावणंच नव्हतं. ताई एकटी बसून विणते, आणि बायकोच्या डोळ्यांदेखत तिने तीच ओळ चारदा उसवली. हे सांगता सांगता ती थांबली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही, पण ती रोज पन्नास पोरांचे चेहरे वाचते.

"काय केलं तुमी तिथं?"

मी सगळं सांगितलं. फाइल, पान, बंद पाकीट, वायर. ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली, पदराने डोळे पुसले. मग तिचं हसणं एकदम थांबलं.

"जा," ती म्हणाली.

रविवारी सकाळी मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या एसटीने मी निघालो. खिशात पेनड्राइव्ह होता, त्यात ती फाइल. ज्या पाकिटाला मी दारात उभं करत नव्हतो ते मी शर्टाच्या खिशात जपून नेत होतो आणि दर थांब्यावर चाचपून पाहत होतो. ताईच्या घरात पाऊल टाकलं आणि मोबाइल थरथरला. एकामागून एक निरोप आले. मोबाइलने आधीच्या भेटींतल्या पासवर्डवर वायफाय पकडलं होतं. वहिनींचं.

तीन महिने झाले होते. त्या बाईंना फाटकात उभं राहून नाही नाही ते ऐकवलं गेलं होतं, भिंतीवर कुंड्या आल्या होत्या, हळदीकुंकू चुकलं होतं, आणि त्यांनी पासवर्ड बदलला नव्हता. भाऊजींनीच मानापोटी दोन्ही मोबाइलवरचं वायफाय बंद करून ठेवलं होतं आणि आपली वेगळी लाइन कधी येते याची ते वाट पाहत होते.

लॅपटॉप दुरुस्त करायला आलो एवढंच मी सांगितलं. फाइल फोल्डरमध्ये ठेवली, लॅपटॉप परत सुरू केला. यादी रिकामी. कारण शोधायला इंटरनेट हवं, आणि ते माझ्या मोबाइलवर होतं, म्हणून ज्यांच्यावर मी नेट अडवल्याचा आळ घेतला होता त्यांच्याच नेटवर मी माझ्या चुकीचं कारण शोधलं. ते असं निघालं की चिप चालवणारा भाग मी यंत्रणेच्या गाभ्यातच जोडून टाकला होता, त्यामुळे फाइल जिच्यावर होती ती डिस्क उघडण्याच्या आधीच तो फाइल मागत होता. दाराची कडी निघायच्या आधी चहा मागणाऱ्या पाहुण्यासारखं त्याचं चाललं होतं. तो भाग वेगळा ठेवून गाभा पुन्हा कम्पाइल करायला हवा होता. जुन्या लॅपटॉपवर त्याला अडीच तास लागतात.

ते अडीच तास मी ताईच्या घरात बसलो. पंखा घरघरत होता. भिंतीपलीकडून वहिनींच्या खोकल्याचा आवाज येत होता, आणि तो आला की ताईची सुई थांबायची. भाऊजी मला त्यांची नवी लाइन खांबावाचून कशी अडली आहे ती गोष्ट सांगत होते, ती दोनदा सांगून झाली. मग ते आंघोळीला गेले. ताईने चहा आणून ठेवला आणि समोर बसली.

"तिनं नाई सोडलं बोलनं," ती विणकामाकडे पाहत म्हणाली. "मीच सोडलं. भिंतीपाशी दोनदा येऊन उभी राह्यली ते. मी आत निंघून गेली. मले वाटे, वीस वर्स झाले, अन माह्या भावाच्या वस्तूले आडवं लावते? ते सहन नाई झालं मले."

मी चहा पीत राहिलो. तेव्हाही बोललो नाही.

काम संपलं. लॅपटॉप सुरू केला. 'ताईस सप्रेम' आलं, आणि यादीत एकामागून एक नावं उतरली, सगळ्यांत वर वहिनींच्या वायफायचं. भाऊजी टॉवेल खांद्यावर टाकून माझ्या मागे उभे होते.

"पाह्यलं?" ते ताईला म्हणाले. "म्या बोललो म्हनून खोलून देलं त्याईनं. थोडं कडक बोला लागते."

आणि ताईचा चेहरा उजळला. ती उठली, क्रोशाची पिशवी काखेत घेतली, पायात चपला सरकवल्या. एवढं मनावर घेऊन तिने सुरू केलं असेल तर आपणही झालं गेलं विसरावं, असं काहीतरी ती म्हणत होती. ती वहिनींना क्षमा करायला निघाली होती.

कबूल करतो, तेवढ्यातही मी विचार केला. जाऊ द्यावं. भांडण मिटतंय, दोघी परत बसतील, भाऊजी खूश, कोणाचं काही बिघडत नाही. फक्त वहिनींना त्यांनी न केलेल्या गोष्टीबद्दल माफी मिळेल, आणि ती घेताना आपला गुन्हा काय होता हे त्यांना जन्मभर कळणार नाही.

"ताई, बस," मी म्हणालो.

मी सांगितलं तेव्हा भाऊजी टॉवेलसकट खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं की मग ते शेवग्याबद्दल जे बोलले त्याचं काय. मी म्हणालो, ते मी सांगितलं नव्हतं, ते तुमचं स्वतःचं होतं.

"साळेबुवा, भारी यंत्रना बनवली तुमी," ते म्हणाले. "तीन महिने नेट नाई, अन भांडन फुल स्पीड."

ताई चपला घालून तशीच उभी होती. मला वाटलं ती रागावेल, रडेल. लहानपणी मी तिची पाटी फोडून दुसऱ्याचं नाव सांगितलं होतं तेव्हा तिने मला चांगलं बदडलं होतं. आता तिने पिशवी खाली ठेवली.

"मले नको सांगू," ती म्हणाली. "तिले जाऊन सांग. मी संग येत नाई. माह्यं मी मागून पाह्यतो."

फाटकापासून फाटकापर्यंत वीस पावलं असतील. वहिनी ओसरीवर सूप पुढे घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला, या म्हणाल्या, खुर्ची दाखवली आणि ताईची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. मी बसलो नाही. एसटीत पाठ केलेलं सगळं मी बोलायला लागलो. चिप कशी असते, तिला फाइल कशी लागते, ती बंद पाकिटासारखी असल्यामुळे मी तत्त्वाचा प्रश्न म्हणून ती कशी घेतली नाही, गाभा आणि डिस्क यांचा क्रम काय. वहिनी शेंगा सोलत ऐकत होत्या. मी राऊटरच्या सोयींवर आलो तेव्हा त्यांनी हात थांबवला.

"भाऊ, हे मले नाई समजत," त्या म्हणाल्या. "तुमी एवढंच सांगा. म्या काय केलतं?"

"तुमी काहीच नव्हतं केलं, वहिनी," मी म्हणालो. "माह्या लॅपटॉपात खोट होती. सगळ्यांसमोर मले लाज वाटली, म्हणून मी तुमच्यावर ढकललं. आठ दिवसांत मले खरं कळलं होतं, तरी तीन महिने चूप बसलो. माह्यं चुकलं. मले माफ करा."